पळणं बंद, उकिडवं बसणं बंद

माझ्या थोरल्या मुलीचा उजवा गुडघा पुरता वाकत नाही. तिला मांडी घालून बसता येत नाही, उकिडवं तर नाहीच. कुणी विचारलं की घरातली माणसं सांगतात, लहानपणी पडली. ते खोटं नाही, पण पुरतं खरंही नाही. जी पडली ती दीड महिन्यात हिंडती-फिरती व्हायला हवी होती. तिचा गुडघा गेला तो पडल्यानं नाही, त्यानंतरच्या दिवसांत गेला. आणि त्या दिवसांत घरातला शिकलेला माणूस मी होतो.

मी साखरा गावाकडचा. माझा बाप दुसऱ्याच्या शेतात सालानं राबला आणि जन्मभर अंगठा उठवला. त्याच्या पोरानं हैदराबादेला जाऊन बी.ए. केलं, तेही सगळं उर्दूतून. आमच्या भागात माझ्याआधी ते कुणी केलं नव्हतं. याचा मला अभिमान होता, आजही आहे, आणि तो लपवायला मला जमत नाही. हिंगोलीच्या सरकारी शाळेत लागलो तेव्हा बाजारातले हळदीचे व्यापारी गादीवर सरकून मला जागा करून द्यायचे. माझ्या नावानं मला कुणी ओळखतच नसे. बीए मास्तर म्हटलं की टांगेवाला बरोबर दारात आणून सोडायचा.

हैदराबादेत मी एक गोष्ट पाहिली होती. वसतिगृहाच्या वाटेवर एक बंगला होता. संध्याकाळी तिथं दोन मुली जाळी बांधून चेंडू खेळायच्या आणि त्यांचा बाप खुर्ची टाकून बघत बसायचा. मी रस्त्यात उभा राहून त्या बापाकडं बघायचो. मुलींकडं बघितलं असतं तर मार खाल्ला असता, पण खरंच सांगतो, मला अप्रूप त्या बापाचंच वाटायचं. तेव्हाच मनाशी ठरवलं की आपल्याला मुलगी झाली तर तिला खेळवायचं.

मुलगी झाली, आणि पळायला लागली ती वाऱ्यासारखी. काटक, उंच, पायानं हलकी. आमच्या गल्लीमागं कापसाच्या जिनिंग कारखान्याच्या भिंतीला लागून एक रिकामी जागा होती. तिथं मी पोरींना आट्यापाट्यांचा खेळ शिकवला. राखेनं आडव्या नऊ पाट्या आखायच्या आणि मधून एक उभी. प्रत्येक पाटीवर एक पोरगी अडवायला उभी. तिला हुलकावणी देऊन एकेक पाटी ओलांडत शेवटापर्यंत जायचं, तिथून 'लोण' म्हणून ओरडत परत फिरायचं आणि न शिवता पहिल्या पाटीबाहेर पडायचं. हा खेळ सगळा गुडघ्यांचा आहे. डावीकडं जातोय असं दाखवायचं आणि ऐन वेळी उजवीकडं वळायचं. माझी मुलगी अशी वळायची की समोरची पोरगी हसायलाच लागायची, कारण ती भलत्याच बाजूला पोचलेली असायची.

घरात बायको होती, धाकटी मुलगी पाळण्यात होती, आणि माझी थोरली बहीण होती. तिला मी आक्का म्हणतो. ती फार लवकर विधवा झाली. आई गेल्यावर मला तिनंच वाढवलं, त्यामुळं घर तिच्या शब्दावर चालायचं. भांडी घासायची राख मी पाट्या आखायला नेतो यावरून तिचं रोज तोंड सुटायचं.

"भाऊ, भांडी काय आता तुह्या बीएनं घासू?"

"चुलीत काय राखेला तोटा आहे, आक्का?"

"राखेला तोटा न्हाई. अकलेला हाये. अकरा वर्साची घोडी झाली ती. काहून पळवून राहिला तिला? उद्या सासरी का पळत पळत पानी भरनार हाये?"

"तुझ्या वेळी कुणी पळू दिलं असतं तर तूही पळाली असतीस."

"मी पळाले असते तर तुला कोन पोसलं असतं?"

मी राख घेऊन बाहेर पडायचो. मुलगी माझ्या मागोमाग यायची आणि गल्लीच्या टोकाला पोचेपर्यंत मागं वळून बघायची नाही. या भांडणात ती माझ्या बाजूची होती. माझ्या बाजूचं ते एकटंच माणूस होतं, म्हणून मला तिचा जास्तच गर्व होता.

पंचेचाळीस साली मोठी लढाई संपली त्या हिवाळ्यात मुलींच्या शाळेचा सालाना जलसा व्हायचा होता. दरवर्षी नज्म, म्हणजे कविता म्हणायच्या, शिवणकाम मांडायचं आणि मिठाई वाटायची, एवढाच तो जलसा. मी मोठ्या बाईंना भेटायला गेलो. त्या पडद्यातल्या. बांबूच्या चिकाच्या पडद्याआडून बोलल्या आणि मी चपराशिणीकडं बघून उत्तरं दिली. मी म्हटलं, या वर्षी मुलींचा आट्यापाट्यांचा सामना ठेवा. मग त्या म्हणाल्या, सामना ठेवू, पण चारी बाजूंनी कापडाची कनात लागेल आणि आत एकही मर्द नसेल.

मी कबूल झालो. शाळेच्या फाटकाबाहेर आल्यावर लक्षात आलं की मर्दांत मीही आलो. ज्या खेळासाठी एवढं केलं तो मला बघायलाच मिळणार नव्हता. पण तेव्हा त्याचं काही वाटलं नाही. मुलींचा सामना बीए मास्तरनं घडवला, एवढं गावाला कळणार होतं, तेवढं पुरे होतं.

जलशाला महिनाभर अवकाश असताना ती पडली.

मी तिथंच होतो. ती शेवटच्या पाटीवरून परत येत होती. एक पाय रोवला आणि अंग वळवलं, पण पाय वळला नाही. एवढंच झालं. धडकली नाही, ठेच लागली नाही. खाली बसली आणि दोन्ही हातांनी गुडघा धरला. रडली नाही. मला म्हणाली, "दादा, आत काहीतरी वाजलं."

उचलून घरी आणली तोवर गुडघा सुजून नारळाएवढा झाला होता. आक्का दारातच उभी होती. मला वाटलं आता बोलेल. तिनं पाट पुढं सरकवला आणि हळद गरम करायला आत गेली. बोलली असती तर बरं झालं असतं.

आमच्याकडं हाडं बसवायला एक म्हातारे पहिलवान होते. खाटीक गल्लीच्या पलीकडं राहायचे. तरुणपणी कुस्त्या खेळलेले, आणि अर्ध्या हिंगोलीचे निखळलेले खांदे त्यांनी बसवलेले. मी सायकलवर जाऊन त्यांना घेऊन आलो. त्यांनी गुडघ्याला आधी हातच लावला नाही. नुसतं बघत बसले. मग दोन बोटांनी एका बाजूला दाबलं तशी मुलीनं माझा सदरा मुठीत धरला.

"हड्डी साबूत है, मास्टरसाब," ते म्हणाले. "अंदर की गादी सरकी है. पट्टी से नहीं बैठती वो. आराम से बैठती. चालीस दिन दौडना नक्को, उकडू बैठना नक्को. इत्ता किया तो बेटी हिरनी के सरीखी भागेगी."

त्यांनी दोन गोष्टी सांगितल्या. मी समोर उभा राहून दोन्ही ऐकल्या. पण माझ्या डोक्यात शिरलं ते 'दौडना नक्को' आणि 'चालीस दिन', कारण जलसा तिसाव्या दिवशी होता. त्यांना दारापर्यंत पोचवताना मी दिवसांचाच हिशेब करत होतो. आत येऊन घरात सांगितलं, "चाळीस दिवस पळायचं नाही म्हणाले." दुसरी गोष्ट माझ्या तोंडून निघालीच नाही. ती मी दाबून ठेवली असंही नाही. मला ती कामाची वाटली नाही. मी कधी उकिडवा बसतो? सकाळी परसाकडं, तेवढंच.

आमच्या घरात बाईमाणूस दिवसभर उकिडवं असतं. चूल जमिनीवर, भांडी जमिनीवर, धुणं जमिनीवर. हे मी रोज बघत होतो आणि मला दिसत नव्हतं.

आठवडाभर मुलगी खाटेवर पडून राहिली. सूज उतरली. ती भिंत धरून चालायला लागली. तेव्हा आक्का म्हणाली, "पळायचं न्हाई ना? मंग बसून काम कर. बसायला काय झालं?" यात तिचा काही दुष्टपणा नव्हता. बायको पाळण्यातल्या लेकराच्या मागं होती, आक्काचे खांदे धरलेले, आणि घरात दळायला हात हवा होता. मुलगी शाळेत आणि खेळात असायची म्हणून एवढे दिवस तिला सूट होती. आता ती घरी होती.

आमचं जातं स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात, उजवीकडं भिंत. तिथं बसायचं म्हणजे डावा पाय लांब सोडायचा आणि उजवा दुमडून घ्यायचा. दुसऱ्या कुठल्या तऱ्हेनं बसायला जागाच नव्हती. रोज पहाटे ती तिथं तासभर बसायची. मी बाहेरच्या खोलीत अंथरुणात पडून ती घरघर ऐकायचो आणि मला बरं वाटायचं. वाटायचं, मुलगी कामाला लागली, म्हणजे सुधारून राहिली.

आता जे सांगतो ते सांगायला जड जातं. पिठाची गिरणी आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर होती. इंजिनाची, नवी. गल्लीतली निम्मी घरं तिथून दळून आणायची. आमच्याकडं गिरणीचं पीठ येत नव्हतं, कारण ते गरम होतं आणि त्याच्या भाकरीला चव राहत नाही असं आक्का म्हणायची. आणि ते मलाही पटायचं. मला जात्याच्याच पिठाची भाकरी लागायची. एकदा बायकोनं गुपचूप गिरणीचं पीठ वापरलं तर मी पहिल्याच घासाला ओळखलं होतं आणि ओळखलं म्हणून ऐटीत होतो.

पडल्याला दोन आठवडे झाले असतील. संध्याकाळी जेवताना मुलगी म्हणाली, "दादा, मी बरी झाले. मी खेळते."

मी आक्काकडं बघितलं. खरं तर मी मुलीकडं बघायला हवं होतं.

"दुखतं का?" मी विचारलं.

"न्हाई."

"बघ हं. खरं सांग. दुखतं का?"

"न्हाई, दादा."

"ऐकलंस, आक्का?"

आक्का ताटावरून नजर न उचलता म्हणाली, "लंगडी झाली म्हंजे तुह्या शाळेत मास्तरीन ठिव तिला."

ती परत पाट्यांवर उतरायला लागली. नंतरही मी तिला तोच प्रश्न दोनतीनदा विचारला, आणि दर वेळी चारचौघांतच. आक्का ऐकत असताना, शेजारीण बसलेली असताना, एकदा तर शाळेतल्या दुसऱ्या मास्तरसमोर. विचारत होतो मुलीला, पण उत्तर मला त्या लोकांना ऐकवायचं होतं. अशा ठिकाणी अकरा वर्षांची पोर काय सांगणार? दुखतं म्हणाली असती तर बाप हरला असता. ती माझ्या बाजूची होती.

बायकोनं मला एकदा सांगायचा प्रयत्न केला. कपडे घडी करत होती. माझ्याकडं न बघता म्हणाली, "अहो, ती उठताना भिंत धरून राहिली. मधीच तिचा पाय आडकतो. मंग झटका देऊन सोडवती."

"झटका देऊन सुटतो ना? मग काय झालं?"

"मला बराबर वाटत न्हाई."

"तू तिला भित्री करू नकोस," मी म्हटलं. ती पुढची घडी घालायला लागली. माझ्या बायकोला मी गप्प केलं असे प्रसंग मोजायला बसलो तर पुष्कळ निघतील, पण हा एक मला अजून टोचतो.

पहिलवानही भेटले. मंगळवारच्या बाजारात समोरासमोरच आले. "बेटी कैसी है?"

"चलती फिरती है. एकदम ठीक."

"उकडू बैठती क्या?"

मला माहीत नव्हतं. माहीत नाही असं म्हणायला हवं होतं. मी म्हटलं, "नहीं नहीं."

"लाके दिखाव एक बार. मैं देखता."

"लाता हूँ," मी म्हटलं, आणि नेली नाही. नेलं असतं तर त्यांनी खेळू नको म्हणून सांगितलं असतं. ते मला पक्कं ठाऊक होतं, म्हणूनच नेलं नाही. पैसे घेत नाहीत, वेळ मोडत नाही, घर दहा मिनिटांवर. न नेण्याला दुसरं काही कारण नव्हतं.

जलशाच्या दिवशी शाळेच्या आवारात पिवळ्या कनाती लागल्या. आत बायका, मुली, आणि पडदे लावलेल्या टांग्यांतून आलेल्या अंमलदारांच्या घरच्या. बाहेर आम्ही आठ-दहा पुरुष. कुणी टांगेवाला, कुणी नोकर, एक दफ्तरातले कारकून आणि मी. आत ताशा वाजला आणि पोरींचा गलका सुरू झाला. मी कनातीला कान लावून उभा होतो. कारकून म्हणाले, "मास्तर, ऐकून काय कळतं तुमाला?" मी म्हटलं, "सगळं कळतं." आणि कळतही होतं. पाय कुठं दणकतात, कुठली पोरगी शिवली गेली, कुठली सुटली, हे मला नुसत्या आवाजावरून कळत होतं.

मग माझ्या मुलीचा आवाज आला. "लोण." कनातीच्या पार दुसऱ्या टोकाकडून. म्हणजे ती शेवटची पाटी ओलांडून परत फिरली होती. बायका ओरडायला लागल्या. आवाज एकेक पाटीनं जवळ येत होता. "लोण... लोण..." मी कारकुनांचा दंड धरला आणि म्हटलं, "ही माझी. ही माझी मुलगी." ते हसले. तेवढ्यात तो आवाज थांबला.

गलका चालूच होता, पण तिचा आवाज त्यात नव्हता. मग गलकाही उतरला. आत जायला मला बंदी होती. मी कनातीबाहेर इकडून तिकडं फिरत राहिलो. फटीतून बघावं तर आत परक्या बायका. चपराशीण बाहेर आली ती माझ्याकडं न बघता म्हणाली, "मास्टरसाब, पायदान खाली करो टांगे का." आत बायको आणि दुसऱ्या दोघींनी तिला उचलून पडद्याच्या टांग्यात ठेवलं तेव्हा मला तिचा चेहरा दिसला. पांढराफटक. गुडघा वाकलेला होता तसाच राहिला होता, सरळ होत नव्हता. तिनं झटका दिला असेल, नेहमीसारखा, पण या वेळी सुटला नाही.

पहिलवान आले. गुडघा बघितला आणि हात मांडीवर ठेवले. "अब मेरे हाथ का नहीं रहा," म्हणाले. मग मान वर करून माझ्याकडं बघितलं. "मैंने दो बातां बोल्या था, मास्टरसाब." रागावले असते तर मला सोपं गेलं असतं.

पूर्णेच्या स्टेशनात गाडी बदलून तिला हैदराबादेच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरनं भूल देऊन पाय सरळ केला आणि मांडीपासून घोट्यापर्यंत प्लास्टर घातलं. तो तरुण होता, माझ्याच कॉलेजात माझ्यानंतर शिकलेला. मला उर्दूत म्हणाला, "आधी घेऊन आला असतात तर. सूज उतरल्यावरही पाय अडकत होता का?" मी म्हटलं, होता. "मग तुम्ही शिकलेले माणूस..." एवढं बोलून तो थांबला. तेही त्यानं सभ्यपणानंच म्हटलं. प्लास्टर निघालं तेव्हा गुडघा निम्माच वाकत होता. पुढं तेल, शेक, मालिश, सगळं केलं. तेवढाच राहिला.

घरात आल्यावर जे बदललं ते बारीक बारीक. ती पंगतीत बसली की एक पाय पुढं लांब, त्यामुळं शेजारच्या पानाला पाय लागेल म्हणून तिला टोकाला बसवायचे. हळदीकुंकवाला गेली तर उभीच राहायची, आणि कुणी तरी म्हणायचंच, "बस की गं, गर्व हाये का?" खेळायला अर्थातच नाही. जिनिंगमागच्या जागेत मीही परत गेलो नाही. आक्कानं मला एका शब्दानं टोचलं नाही. उलट एक दिवस आपण होऊन म्हणाली, "दळन गिरनीत टाकत जा आता." गिरणीचं पीठ आमच्या घरात आलं. आठ दिवसांत मला त्या भाकरीची सवय झाली. आठ दिवस लागले फक्त.

मी स्वतःची समजूत घालून घेतली होती. माझी चूक एवढीच की तिला लवकर खेळू दिलं. ती हौशी, मीही हौशी, दोघांनी उतावीळपणा केला. पोर खेळाच्या वेडापायी दुखणं लपवते, सगळीकडं असंच असतं. मी लोकांनाही हेच सांगायचो. त्यात दोषाचा थोडा वाटा तिचाही असायचा, आणि तो मला सोयीचा होता.

अठ्ठेचाळीस सालच्या उन्हाळ्यात ही समजूतही गेली. संस्थान मोडायला आलं होतं, त्या दिवसांत गावात कुणाचाच जीव थाऱ्यावर नव्हता. गाडी कधी यायची, कधी नाही. शाळा बंद. इंजिनाला तेल मिळेना म्हणून गिरणीही बंद पडली. जात्यावरची धूळ झटकावी लागली.

एका सकाळी घरघर ऐकू आली म्हणून मी आत गेलो. मला वाटलं आक्का असेल. मुलगी होती. तेरा-चौदा वर्षांची झाली होती. जातं कोपऱ्यातून ओढून तिनं मधोमध आणलं होतं, म्हणजे उजवा पाय लांब सोडता यावा. आक्का पाण्याला गेली होती, बायको पलीकडं. घरात ऐकणारं कुणी नव्हतं.

मी दाराशीच खाली बसलो.

"हे तू केलंस? इकडं ओढलंस?"

"हां. आता पाय मावत न्हाई तिथं."

"तेव्हा का नाही ओढलं?"

"तवा मला कुठं सुचलं? आन आत्या म्हनली असती, जातं कोन हलवतं."

ती दळत राहिली. मी विचारलं, अडीच वर्षांनी विचारलं, "तेव्हा तुला दुखत होतं ना?"

"व्हय."

"मग खेळते म्हणून का म्हणालीस? एवढा हट्ट कशाला केलास? खेळाचं एवढं वेड?"

तिनं जातं थांबवलं. माझ्याकडं बघितलं ते रागानं नाही. एखाद्याला साधा हिशेब येत नाही तेव्हा आपण बघतो तसं.

"पळताना कमी दुखायचं, दादा," ती म्हणाली. "दळताना जास्त दुखायचं. लई दुखायचं. उठता यायचं न्हाई. मी म्हनलं, खेळायला लागले की परत शाळंत जाईन, मंग दळन सुटंल."

मी म्हटलं, "सांगायचं होतंस."

"कुनाला सांगू? दुखतं म्हनलं असतं तर तुमी खेळ बंद केला असता. दळन थोडीच बंद केलं असतं?"

ती खरं बोलत होती. मी खेळच बंद केला असता. दळणाचा विचार माझ्या डोक्यातसुद्धा आला नसता. मुलीला खेळू द्यावं म्हणून मी घरच्यांशी भांडलो, शाळेच्या मोठ्या बाईंकडं गेलो, गावाची बोलणी खाल्ली. जन्मात एकदाही मी असं म्हटलं नव्हतं की हिला दळायला लावू नका.

"सरक," मी म्हटलं.

"काहून?"

"मी दळतो."

"तुमाला येत न्हाई."

"शिकव."

ती भिंत धरून उठली. मी बसलो. खुंटा धरला आणि फिरवायला लागलो. ती वर उभी राहून सांगत होती, दाणे एवढे घालू नका, थोडे थोडे, हात बदला. चार फेऱ्यांतच खांदा भरून आला. पीठ पडत होतं ते रव्यासारखं. तेवढ्यात आक्का घागर घेऊन आली, उंबऱ्यात थबकली, आणि घागर खाली न ठेवता बघत राहिली.

"काय करून राहिला, भाऊ?"

"दळतो."

"दिसून राहिलं. बीएला एवढं बी शिकवलं न्हाई व्हय?" आक्कानं घागर ठेवली, बसून चिमूटभर पीठ बोटांत चोळलं. "हे बैलाला घाला. मानसाच्या घशाखाली जायचं न्हाई."

मुलगी हसली. मी थांबलो नाही. आक्का "मर तिकडं" असं काहीसं पुटपुटत परसात गेली.

ती गेल्याची खात्री झाल्यावर मी फिरवणं थांबवलं आणि हळू आवाजात विचारलं, "आता दुखतं का?"

या प्रश्नाला आमच्या घरात एकच उत्तर होतं, आणि ते तिच्या जिभेवर आलेलं मला दिसलं. मग तिनं ते गिळलं.

"रोजच," ती म्हणाली, आणि सुपातले दाणे माझ्या पुढ्यात सरकवले.